तान्ह्यासाठी गोधडी शिवताना

बाळ येणार असं कळलं की कपाटातल्या जुन्या सुती साड्या बाहेर निघतात. झबली, टोपडी, लंगोट आता विकत आणतात, पण गोधडी घरचीच हवी असं अजूनही पुष्कळ घरांत वाटतं. ते वाटणं रास्त आहे आणि त्याला आठवणींपलीकडचं कारण आहे. दुकानातल्या बाळाच्या गाद्या-रजया बहुतेक फुगीर असतात. आत पॉलिएस्टरचं भरण, वर गुळगुळीत कापड, कडेला झालर. दिसायला त्या गोड दिसतात, पण तान्ह्याला नेमकं उलट हवं असतं: पातळ, सपाट, घाम आणि शू शोषून घेणारं, आणि सकाळी धुतलं की संध्याकाळपर्यंत वाळणारं अंथरूण. ते जुन्या सुती कापडातूनच चांगलं होतं.

कापडाला कात्री लावण्याआधी एक गोष्ट पक्की करा. ही गोधडी बाळाच्या अंगाखाली घालायची आहे, अंगावर नाही. वर्षाच्या आतल्या बाळावर सुटं पांघरूण घालून त्याला झोपवू नये, असं बालरोगतज्ज्ञ निक्षून सांगतात. बाळ हातपाय हलवतं, पांघरूण तोंडावर येतं आणि ते बाजूला सारण्याची ताकद त्याच्यात नसते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या संस्थेने २०२२ साली सुधारलेल्या सूचनाही याच आहेत: बाळाला उताणं झोपवावं, अंथरूण सपाट आणि घट्ट असावं, त्यावर उशी, सुटी रजई, मऊ खेळणी काही नको. आपल्याकडची मोहरीची उशीही यातच आली. थंडी असेल तर अंगात एखादं झबलं जास्त चढवा, पायात मोजे घाला. पांघरायची गोधडी बाळ मोठं झाल्यावर शिवता येईल, आणि तेव्हा ती त्याच्या उंचीला पुरेशी मोठीही करता येईल.

अंगाखालची गोधडी म्हटली की तिच्या जाडीचा प्रश्न आपोआप सुटतो. चार थर पुरे. जमिनीवरच्या सतरंजीवर किंवा घट्ट गादीवर अंथरली की चार थरांची गोधडी बाळाला भरपूर मऊ लागते. सहा-सात थरांची केली तर ती पावसाळ्यात दोन दोन दिवस ओली राहते, आतून कुबट वास येतो आणि मग कुणी ती रोज धुवत नाही. बाळासाठी एक जाड गोधडी शिवण्याऐवजी चार पातळ शिवा. एक अंगाखाली, एक दोरीवर, एक घडी करून तयार आणि एक दवाखान्याच्या पिशवीत.

आता कापड. नव्या कापडापेक्षा वर्षानुवर्षं धुतलेली सुती साडी कधीही चांगली. तिची खळ गेलेली असते, सुटायचा तो रंग सुटून गेलेला असतो, आटायचं ते आटून झालेलं असतं. आजोबांचं जुनं धोतर मिळालं तर ते सोडू नका. मधल्या थरांना त्याच्यासारखं कापड नाही: पातळ, पांढरं, रंग उतरण्याची भीती नाही आणि वरचं कापड फिकं असलं तरी आतलं काही दिसत नाही. मात्र जुनं म्हणजे विरलेलं नव्हे. साडीचा तुकडा दोन्ही हातांत धरून उभा आणि आडवा ताणून बघा. चरचर आवाज आला किंवा धागे सरकून फट पडली तर तो भाग सोडून द्या. साडीत बसण्याची जागा आणि निऱ्यांखालचा भाग आधी विरतो, पदराकडचा भाग बहुधा मजबूत असतो.

साडी सुती आहे का याची खात्री नसेल तर कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि बोटांत चुरडणारी मऊ राख राहते. टेरिकॉट किंवा पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी बनतो. मणी झाला तर ती साडी बाळासाठी घेऊ नका, कितीही मऊ लागली तरी. काठ जरीचा असेल तर तो कापून टाका, कारण जरीची टोकं पुढे बाहेर येतात आणि खरवडतात. नुसत्या सुताचे काठ मात्र जपून ठेवा, त्यांच्या पट्ट्या सुंदर लागतात. फॉल लावलेला असेल तर तोही उसवून काढा.

एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती पुष्कळ घरांत माहीत नसते. जुन्या साड्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेल्या असतात. या गोळ्यांमध्ये नॅफ्थलीन असतं. जी६पीडी नावाच्या विकराची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांमध्ये नॅफ्थलीनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि कावीळ वाढते. ही कमतरता आपल्याकडेही आढळते आणि नवजात बाळात ती आहे की नाही हे तपासणीशिवाय कळत नाही. म्हणून गोळ्यांचा वास असलेली साडी तशीच कापायला घेऊ नका. आधी काही दिवस उन्हात आणि वाऱ्यावर टाका, मग दोन-तीनदा धुवा, आणि वास पूर्ण गेल्याखेरीज शिवणाला घेऊच नका. वास जात नसेल तर दुसरी साडी शोधा. तयार गोधड्या ठेवतानाही डांबराच्या गोळ्या नकोत. वाळलेली कडुनिंबाची पानं किंवा वेखंडाचा तुकडा कापडी पुरचुंडीत बांधून ठेवला तर काम भागतं. पुरचुंडीही बाळाच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी हवी.

नवं कापड घ्यावंच लागलं तर मलमल, केंब्रिक, पॉपलिन किंवा मऊ खादी घ्या. ते रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी साबणाने धुऊन वाळवा आणि इस्त्री करा, मगच मापं घ्या. न धुतलेलं कापड जुन्या साडीला जोडलं तर पहिल्या धुण्यात नवं आटतं, जुनं तसंच राहतं आणि गोधडीला फुगवटे येतात. रंग पक्का आहे का हे बघण्यासाठी पांढरं फडकं ओलं करून कापडावर जोरात घासा. फडक्याला रंग लागला तर ते कापड बाजूला ठेवा. मिठाच्या पाण्यात बुडवून कच्चा रंग पक्का होत नाही. बाळ गोधडीचा कोपरा तोंडात घालणार आहे, तासन्‌तास चोखणार आहे, एवढं लक्षात ठेवलं की कापड निवडताना मन आपोआप कडक होतं.

मापाचं सांगते. तयार गोधडी ३० इंच रुंद आणि ४० इंच लांब असावी. पाचवारी साडी सव्वापाच ते साडेपाच मीटरची असते आणि तिचा पन्हा साधारण ४५ इंचांचा. दोन्ही काठ काढले की ४१-४२ इंच उरतात. तिच्या लांबीतून ३२-३२ इंचांचे सहा तुकडे निघतात. चार तुकडे गोधडीच्या चार थरांना, उरलेल्या दोनांचं दोन पदरी दुपटं. नऊवारी असेल तर असे नऊ तुकडे, म्हणजे दोन गोधड्या होऊन वर एक तुकडा उरतो. सगळे तुकडे मापापेक्षा थोडे मोठे ठेवले आहेत कारण शिवताना गोधडी गोळा होते, आणि कडा शेवटी सारख्या करायच्या असतात.

वरची बाजू ठिगळांची हवी असेल तर साडेपाच इंचांचे चौकोन कापा. प्रत्येक बाजूने पाव इंच शिवणीत गेलं की पाच इंच उरतात. आडवे सहा आणि उभे आठ, असे ४८ चौकोन लागतात. बाबांचा जुना सदरा, आत्याचा सुती परकर, मोठ्या भावंडाचं लहान झालेलं झबलं, सगळं यात बसतं. पण सगळी कापडं जवळपास एकाच जाडीची घ्या. जीन्सचा तुकडा मलमलीच्या शेजारी बसवला तर मलमल दोन-तीन महिन्यांत शिवणीजवळ फाटते. चौकोन आधी जमिनीवर मांडा, एक रात्र तसेच राहू द्या आणि सकाळी पुन्हा बघा. रात्रीच्या दिव्यात जुळलेले रंग दिवसा खटकतात. जोडताना मशिनची टीप मारली तरी चालते आणि ती जास्त टिकते. शिवणी एका बाजूला दाबून इस्त्री करा.

थर मांडणं हे या कामातलं सर्वांत मोलाचं काम आहे आणि घाई इथेच होते. फरशी स्वच्छ पुसून कोरडी करा. खालचा थर सुलट बाजू खाली ठेवून अंथरा, त्यावर मधले दोन थर, त्यावर वरचा. प्रत्येक थर मांडल्यावर तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढा. चारी कोपऱ्यांवर जड वस्तू ठेवा. मग लांब कच्च्या टाक्यांनी मधून सुरुवात करून आधी उभी-आडवी फुली घाला, नंतर तिरप्या रेघा, नंतर वीतभर अंतरावर रांगा. कच्चे टाके वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने घातले की शेवटी उसवताना चुकत नाही. टाचण्या मी बाळाच्या गोधडीत वापरत नाही. एखादी थरात अडकून राहिली तर हाताला लागत नाही, बाळाच्या पाठीला लागते. वापरायच्याच असतील तर मोजून लावा आणि मोजून काढा.

पारंपरिक गोधडी कडेपासून सुरू होते. कडा आत दुमडत, चारी बाजूंनी फिरत फिरत धावदोऱ्याच्या रांगा मध्याकडे नेतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच शिवतात: एका कोपऱ्यातून सुरुवात करून, ठिगळं ठेवत ठेवत, कडेने आत. चारी कोपऱ्यांना त्या दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात. ही पद्धत देखणी आहे आणि कोपरे फार पक्के होतात. पण हात सरावलेला नसेल तर कापड ढकललं जाऊन मध्ये पोकळी येते. म्हणून पहिल्यांदा शिवणाऱ्यांनी कच्चे टाके मधून आणि पक्का धावदोरा कडेने, असं करावं. कोपऱ्याला फुलं लावायची हौस असेल तर ती दुहेरी टाक्यांनी घट्ट बसवा, बाळ आधी तीच तोंडात घालेल.

सुई मधल्या लांबीची आणि रुंद नेढ्याची घ्या. दाभण नको, त्याने जुन्या कापडाला भोकं पडतात. दोरा सुती, दुहेरी, हातभर लांब. त्याहून लांब घेतला तर गुंता होतो आणि ओढून ओढून दोरा विरतो. अंगुस्तान घालायची सवय लावून घ्या, चार थरांतून सुई ढकलताना बोटाची कातडी सोलते. टाका अर्ध्या सेंटिमीटरहून मोठा नसावा आणि रांगांमध्ये बोटभर अंतर असावं. हे अंतर शोभेसाठी नाही. जवळच्या रांगांमुळे आतले थर धुताना सरकत नाहीत. लांब टाक्यात बाळाचं इवलंसं बोट अडकू शकतं.

दोऱ्याच्या टोकांकडे विशेष लक्ष द्या. गाठ मारून थरांच्या आत ओढून घ्या, संपताना दोन-तीन टाके मागे घ्या आणि सुई थरांच्या मधून दोन इंच पुढे नेऊन दोरा कापा. बाहेर लोंबणारा दोरा, किंवा आईचा गळलेला एखादा केससुद्धा, बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्त अडतं. बोट लाल होऊन सुजतं आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. असं बोट दिसलं आणि दोरा सहज निघत नसेल तर लगेच डॉक्टरांकडे न्या. याच कारणाने गोधडीवर भरतकाम करताना मागच्या बाजूचे लांब धागे उघडे ठेवू नयेत. भरतकाम आधी वरच्या थरावर करून घ्या, म्हणजे मागचे धागे आतल्या थरांनी झाकले जातात. टिकल्या, मणी, आरसे, बटणं, घुंगरू यांतलं काहीही लावू नका. टाका सैल झाला की ते तोंडात जातं.

सगळ्या रांगा झाल्या की कडा ३० बाय ४० इंचांवर सरळ कापून गोट लावा. अडीच इंच रुंदीची पट्टी दुहेरी घडी करून लावली की धुण्याला टिकते. पट्टी एकूण १५० इंच लागते. कोपरे काटकोनात असतील तर सरळ पट्टी चालते, गोलाई दिली असेल तर पट्टी उरेब कापावी लागते. पट्टीची एक बाजू मशिनवर, दुसरी हाताने बारीक टाक्यांत. मग कच्चे टाके उसवा, गोधडी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी हात फिरवा आणि एकदा धुऊन काढा.

दुपटं सोपं आहे. दोन पदर सुलट बाजू आतमध्ये ठेवून तीन बाजू शिवा, चौथी वीतभर उघडी ठेवा, उलटवून घ्या, उघडी बाजू हाताने बंद करा आणि कडेने एक धावदोरा घाला. दुपट्यात बाळाला गुंडाळताना हात अंगाशी असले तरी पाय मोकळे राहू द्या. गुडघे वाकवून मांड्या फाकवता आल्या पाहिजेत. पाय सरळ ताणून घट्ट बांधले तर खुब्याच्या सांध्याला धोका असतो. बाळ कुशीवर वळायची धडपड करू लागलं की गुंडाळणं बंद.

आता खेळायची गोधडी, जिला सगळे प्लेमॅट म्हणतात. ती वेगळ्या विचाराने शिवायची. हिच्यावर बाळ जागं असताना पालथं पडणार, मान उचलणार, पुढे सरकणार. जन्मानंतर पहिल्या दिवसांपासून बाळाला दिवसातून दोन-तीनदा, तीन ते पाच मिनिटं, समोर बसून पालथं घालावं आणि हळूहळू वेळ वाढवावा असं डॉक्टर सांगतात. त्याने मान, खांदे आणि पाठ बळकट होते. बाळ पेंगलं की उचलून उताणं झोपवायचं, प्लेमॅटवर पालथं झोपू द्यायचं नाही.

प्लेमॅट ४८ बाय ४८ इंचांचा तरी असावा. चार-पाच महिन्यांचं बाळ दोन लोळण्यांत छोट्या गोधडीच्या बाहेर फरशीवर जातं. ४४ इंच पन्ह्याच्या कापडाला त्यासाठी जोड द्यावी लागते, आणि जोड देण्याची हीच संधी आहे: चारी बाजूंनी चार इंचांची पट्टी लावा. आत भरण म्हणून जुनी सोलापुरी चादर उत्तम. ती जाड सुती विणीची असते, सरकत नाही, गोळा होत नाही आणि धुता येते. नसेल तर जुन्या टर्किश टॉवेलचे दोन थर घाला. पिंजलेला कापूस मात्र भरू नका. पहिल्या धुण्यात त्याचे गोळे होतात आणि आतून तो वाळत नाही. चादरीचं भरण असेल तर रांगा चार इंच दूर असल्या तरी चालतात, आणि हे शिवण मशिनवर केलं तर हात वाचतात. मशिनचा टाका लांब ठेवा आणि जाड सुई लावा.

वरच्या बाजूला फुलपाखरं-ससे असलंच पाहिजे असं नाही. नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं बरं दिसतं, त्यापलीकडचं धूसर. फिके गुलाबी-निळे रंग त्याला वेगळे ओळखू येत नाहीत. काळ्या-पांढऱ्या रुंद पट्ट्या, मोठे चौकडे, ठळक लाल असं काही पालथं पडल्यावर डोळ्यांसमोर येईल अशा बाजूला लावा. बाकीच्या बाजूंना हाताला वेगवेगळं लागेल असं कापड द्या: खरखरीत खादी, टॉवेलचा तुकडा, मऊ मलमल, कॉर्ड्युरॉय, सुती काठ. खणाचा तुकडा फार शोभतो, पण त्याचा रंग ओल्या फडक्याने नक्की तपासा. ओढून बघायला रिबिनीच्या घड्या लावतात. त्या लावायच्या तर दुमडून शिवणीत पक्क्या बसवा आणि बाहेर दोन सेंटिमीटरहून जास्त ठेवू नका. सुटी नाडी अजिबात नको.

गुळगुळीत फरशीवर प्लेमॅट सरकतो, म्हणून खाली सतरंजी घाला. पलंगावर किंवा सोफ्यावर तो कधीच अंथरू नका, बाळ नेमकं ज्या दिवशी पहिल्यांदा लोळतं तो दिवस आधी कळत नाही. ओल खाली जाऊ नये म्हणून मेणकापड वापरायचं तर ते वेगळं, गोधडीखाली घाला. आत शिवून टाकलं तर गोधडी घाम शोषत नाही आणि वाळतही नाही. साडीच्या झोळीत जाड गोधडी घालू नका. ती मध्ये गोळा होते आणि बाळाची हनुवटी छातीवर टेकते.

परदेशी राहणाऱ्या लेकीसुनांना गोधडी पाठवत असाल तर एवढं जरूर कळवा, की ही क्रिबमध्ये घालायची नाही. तिकडच्या नर्स आणि डॉक्टर क्रिबमध्ये गोधडी बघून काढायलाच सांगतात आणि मग आजीचं मन दुखावतं. त्यापेक्षा प्लेमॅट शिवून पाठवा, तो तिथे रोज वापरात राहतो. सोबत चिठ्ठीत लिहा: कापड सुती, आत काय घातलंय, कसं धुवायचं.

धुण्याची पद्धत साधी आहे. शू किंवा दुधाचा डाग आधी गार पाण्याने काढा, गरम पाण्याने दुधाचा डाग पक्का बसतो. मग सौम्य साबण. वास देणारं, कापड मऊ करणारं द्रव घालू नका, त्याने सुताची शोषून घेण्याची ताकद कमी होते आणि कोवळ्या कातडीला पुरळही येऊ शकतं. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा. वाळत घालताना गोधडी दोन दोऱ्यांवर पसरून टाका, म्हणजे मधून वारा जातो. पावसात अर्धवट सुकली असेल तर दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवा आणि पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ द्या.

दुसऱ्या बाळासाठी ठेवलेली गोधडी वर्षा-दोन वर्षांनी बाहेर काढाल तेव्हा आधी प्रत्येक रांग दोन्ही हातांनी किंचित ताणून तपासा. उसवलेले टाके भरून घ्या, विरलेल्या जागेवर त्याच जाडीचं ठिगळ लावा, सुटे दोरे आत घ्या. धुणं त्यानंतर. आधी धुतलं तर उसवलेल्या टाक्यांतून थर सरकतात आणि मग ती गोधडी पुन्हा सपाट होत नाही.